सात शहरांचा तक्ता

तिचा होणारा नवरा रेल्वेची वेळापत्रकं बनवायचा. युरोपातल्या हनिमूनचा तक्ताही त्यानेच आखला होता. सात शहरं, सगळा प्रवास रेल्वेने, आणि प्रत्येक रात्र धावत्या गाडीत. तिचा बर्थ बायकांच्या डब्यात, त्याचा पुरुषांच्या.

"अरे, अख्ख्या हनिमूनमध्ये एकही रात्र आपण दोघंच नाही! काहीतरी घोळ घातलायस तू," ती हसत म्हणाली.

तो मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत राहिला.

"घोळ, आणि हा? छे गं!" होणाऱ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "दहा वर्षांत याची एका मिनिटाचीही चूक झालेली नाही."

तिने तक्ता पुन्हा वरपासून वाचला.

&nbsp;

लग्नाच्या पत्रिका कालच वाटून झाल्या होत्या.