दुहेरी शिवण

पाचव्यांदाही गाऊन फाटला नाही.

सिनेमा विनोदी होता, जुन्या हॉलिवूडच्या स्टुडिओंची टर उडवणारा. प्रसंग साधाच होता. मिजासखोर नटी स्टुडिओच्या मालकासमोर तोऱ्यात खुर्चीवर बसते आणि तिचा घट्ट गाऊन मागून टर्रकन फाटतो. नटी डेलनी पाच वेळा बसली. शेवटी तर उडी मारून बसली. गाऊन ढिम्म.

"हे कापड आहे की पत्रा?" दिग्दर्शक ग्रेडी वैतागला.

कडेला उभी असलेली कॉन्सुएलो गालातल्या गालात हसली. वय ब्याऐंशी. जुन्या काळचे बारकावे सांगायला तिला बोलावलं होतं, आणि वयाचा मान म्हणून सगळे तिला दोन्या चेलो म्हणत. तो चंदेरी गाऊन स्टुडिओच्या कोठारातून निघाला तेव्हाच तिने ओळखला होता. एकोणिसाव्या वर्षी तिनेच तो शिवला होता. दिसणाऱ्या शिवणीखाली रेशमी दोऱ्याची दुसरी, लपलेली शिवण.

तेव्हा शिवणखात्यात एका लांबलचक टेबलाशी चाळीस मुली बसत. पडद्यावर नाव मात्र एकट्या खातेप्रमुखाचं. असले गाऊन घालून बसायचंच नसे. दोन शॉटच्या मध्ये नट्या तिरप्या फळीला रेलून उभ्या राहत. एक नटी विसरली आणि मालकासमोर खुर्चीत बसली. गाऊन फाटला, सगळा सेट खो खो हसला. त्याच दुपारी चेलोच्या शेजारी बसणाऱ्या रुफिनाला घरी पाठवलं. पुन्हा कुठल्याच स्टुडिओने तिला दारात उभं केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चेलो प्रत्येक शिवण दुहेरी घालू लागली.

ग्रेडीने तिच्या हातात छोटी कात्री ठेवली.

"दोन्या चेलो, कुठे कापायचं ते तुम्हालाच ठाऊक. चार टाके सोडा फक्त. पडद्यावर तुमचं नाव घालतो. शब्द देतो."

चाळीस वर्षं राबून तिच्या वाट्याला न आलेली गोष्ट चार टाक्यांत मिळत होती. तिचं मन डळमळलं, खोटं कशाला बोला. नातवंडांना थिएटरात बोट दाखवून सांगता आलं असतं. ती डेलनीच्या मागे गेली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. साठ वर्षांत एक टाका सरकला नव्हता.

"नाही जमायचं. हे आमच्या हातचं आहे, फाटायचं नाही."

"अहो, सगळा विनोदच फाटण्यावर आहे ना."

"तो विनोद मी एकदा पाहिलाय. मला नव्हतं हसू आलं. तुम्हाला नटीची फजिती हवीय ना? मग ती खुर्ची आणा इकडे."

खुर्ची आली. चेलोने ती उलटी केली आणि बैठकीखालचे पट्टे कापून मखमल नुसती टेकवून ठेवली. मग डेलनीच्या कानात सांगितलं, "खुर्चीचे हात घट्ट धर, पोरी. आणि काही झालं तरी नाक खाली करायचं नाही."

सहाव्यांदा डेलनी बसली आणि थेट खुर्चीच्या आत गेली. गुडघे कानाशी, नाक वर. तशीच ती धडपडत उठली आणि कमरेला अडकलेल्या खुर्चीसकट राणीच्या रुबाबात दाराबाहेर चालती झाली. गाऊनचा दोराही निसटला नव्हता. शॉट चालू असताना हसायचं नसतं, म्हणून कॅमेरावाल्याने बाही तोंडात कोंबली. नियम मोडला तो ग्रेडीनेच.

"फाटण्यापेक्षा हे शंभर पटीनं भारी," तो डोळे पुसत म्हणाला. त्याने खिशातून कागद काढला. "आता नाव सांगा. पूर्ण, जसं पडद्यावर हवं तसं."

चेलो ताठ उभी राहिली.

"लिहा. रुफिना ओचोआ."

"ही कोण?"

"आमच्या टेबलावरची. एकदा माझी शिवण फाटली, तेव्हा उभी राहून म्हणाली, ही माझी."