मालकाचा पत्ता

कंपनीत माणसं दोनच, तीही सख्खे भाऊ. पण कंपनीचे व्यवहार आपोआप चालवणाऱ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये मालक म्हणून डिजिटल पत्ता कोणाचा घालायचा, यावरून सहा महिने जुंपलेली. एकदा ते ब्लॉकचेनवर चढवलं, की ब्रह्मदेवाच्या बापालाही पत्ता बदलता येणार नव्हता ना!

शेवटी धाकट्याने ते परस्पर चढवून टाकलं. थोरला पेटला. चढवलेला डेटा उलगडून दाखवणारं टूल त्याने शोधून काढलं आणि धाकट्याला शेजारी बसवून कमांड ठोकली.

"आता बघतोच तुझी चोरी!"

"दादा, तू भरून ठेवलं होतंस तेच चढवलंय. म्हटलं, हो बाबा, तूच मालक."

स्क्रीनवर मालकाच्या पत्त्याजागी ओळीने चाळीस शून्यं होती, म्हणजे कोणाचाच नसलेला पत्ता; वाद मिटेपर्यंत जागा अडवायला थोरल्यानेच टाकलेली.