मागच्या सीटचा बेल्ट

लाल दिवा लागला, गाडी थांबली आणि समोरच्या स्क्रीनवर जाहिरात सुरू झाली.

"ठकू, पहिला दात हलायला लागला का? घाबरायचं नाही हं," एक गोड आवाज म्हणाला आणि लहान मुलांच्या टूथपेस्टची ट्यूब नाचत पुढे आली.

तो काचेतून समोर बघत राहिला. शेजारी बसलेली बायको मात्र स्क्रीनकडे बघत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. दिवा हिरवा झाला, गाडी हलली, स्क्रीन काळी झाली.

मागची सीट रिकामी होती. ठकू चार वर्षांची असताना तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला आता तिसरं वर्ष चाललं होतं.

गाडी स्वस्तात मिळाली होती ती या स्क्रीनमुळेच. गाडी थांबली की जाहिरात दिसणार, ही कंपनीची अट. घेताना घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख विचारून घेतली होती, आणि बायकोने हौसेने मुलीचं लाडकं नावच घालायला लावलं होतं. तेव्हा रंगीत खडूंच्या जाहिराती यायच्या आणि ठकू मागून हुकूम सोडायची, की बाबा, गाडी थांबव, खडू बघायचेत.

ती गेल्यावर स्क्रीनलाही तिचा विसर पडला. आणि या वर्षी एका सकाळी ती नावानिशी परत आली. खडू मात्र मागे पडले होते. आधी उड्यांची दोरी आली, मग दप्तर, मग छोटी सायकल. ठकू वाढत होती.

तो सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आला. तिथल्या तरुण मेकॅनिक बाईंनी शांतपणे समजावलं, की यंत्राला माणूस दिसत नाही. कोणत्या सीटचा बेल्ट लावलेला आहे एवढंच कळतं. मागचा डावा बेल्ट लागला, की तिथे मुलगी बसली आहे असं ते धरून चालतं आणि जन्मतारखेवरून तिचं वय मोजतं.

त्याने मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटवर बेल्ट आवळून नीट लावलेला होता. त्याने तो सोडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा लागलेला होता.

मग त्याच्या सगळं ध्यानात आलं. गाडीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असायची आणि बायको त्याच्याआधी उठायची. त्याने बेल्ट तसाच राहू दिला. इतक्या दिवसांनी ती हसत होती. तिने शिवणाचं मशीन पुन्हा उघडलं होतं आणि जेवताना ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

त्याने मन मोकळं केलं ते मेहुणीपाशी. दवाखान्यांसाठी दात आणि कवळ्या घडवणं हे त्याचं काम. त्याने केलेला दात खऱ्या दातांच्या रांगेत बसला की डॉक्टरांनाही शोधावा लागे. ठकूला या कामाचं भारी अप्रूप. माझा दात कधी पडेल, असं ती उठताबसता विचारायची. तो म्हणायचा, पडला की हरवू नकोस, मला आणून दे, तस्साच नवा करून देतो.

मेहुणीने त्याच्या कामावरूनच त्याला टोचलं. "भावोजी, लोकांना खोट्या दातांनी हसवता ते ठीक आहे. माझ्या ताईला खोट्या मुलीने हसवू नका. हे हसू बरं नव्हे. ते नाव पुसून टाका."

तिचं खरं होतं. मुलगी हातची गेलीच होती. आता बायकोही डोळ्यांदेखत निसटून जाईल, या भीतीने त्याची झोप उडाली होती. आज तो बायकोला घेऊन निघाला होता तो यासाठीच. तिला मात्र त्याने सर्व्हिसिंगचं निमित्त सांगितलं होतं.

सर्व्हिस सेंटरच्या फाटकापाशी त्याने गाडी थांबवली. टूथपेस्टची ट्यूब पुन्हा नाचू लागली. त्याने आवाज बंद केला.

"आज ठकूचं नाव यातून काढायचंय," तो म्हणाला. "तू रोज सकाळी बेल्ट लावतेस, मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही. पण आता पुरे."

बायको त्याच्याकडे वळली.

"मी कशाला लावू?" ती म्हणाली. "तूच लावतोस ना? मी आपली गप्प राहिले. म्हटलं, तुझं दुःख या वाटेने निघत असेल तर निघू दे. तुझ्यासाठी हसत होते रे मी."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच?" तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली. "मग हा? काल मागच्या सीटवर, बेल्टच्या बक्कलपाशी सापडला. मला वाटलं, तिला कबूल केलं होतंस म्हणून घडवलास. इतका हुबेहूब, की रात्रभर उशाशी घेऊन झोपले."

रुमालात दुधाचा एक दात होता. खालचा, पुढचा.

हाताच्या सवयीने त्याने तो चिमटीत धरला, उजेडाकडे नेला आणि उलटा केला. मूळ विरघळून गेलेलं होतं. उरली होती फक्त झिजलेली, खडबडीत कड आणि तिच्यावर अजून न सुकलेला रक्ताचा ठिपका. असा दात घडवता येत नाही; तो तोंडातच हलून हलून पडावा लागतो.