गाठीपुरतं गवत

“सुनेला अर्धी बाग दिली, तर तिनं रान केलं!” गौहरखानुम शिराझभर सांगत सुटली होती. खरी पोटदुखी वेगळी होती. तिच्या अर्ध्यात दोरी लावून आखलेली सरूची रांग, चौकोनी हौद, बोटभर कापलेली हिरवळ. तरी सगळं घर चहा घेऊन सुनेच्या गुडघाभर गवतात बसायचं. नवरोजच्या तेराव्या दिवशी ती कात्री घेऊन रान छाटायला निघाली. बघते तर चाळिशीला टेकलेली लेक मेहरी त्या दिवसाच्या रिवाजानं त्याच गवताला लग्नाच्या नवसाची गाठ मारताना आईला कधी न सांगितलेलं नाव वहिनीच्या कानात सांगत होती. “का गं, माझी हिरवळ काय वाळली होती?” “मामान,” मेहरी आईला म्हणाली, “तुझ्या गवताला गाठ कुठे बसते?” गौहरखानुमनं कात्री सुनेच्या हातात कोंबली. “नस्तरन, रान तुझं राहू दे. पण हा गाठीचा झुबका माझा. याला पाणी मीच घालणार.”