चूल त्यांची, पीठ आपलं

क्लासची पोरं गेल्यावर लातूरची आमची गल्ली गप्प झाली होती, तेवढ्यात पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन घरघरला. मेल वाचला आणि मी भाकरीच्या पिठाने माखलेल्या हातांनीच सासूबाईंना मिठी मारली. माझं संशोधन ज्या अणुभट्टीवर चालायचं, ती दोन वर्षांपूर्वी कायमची बंद झाली होती. आता युरोपातली एक संस्था तीन महिने स्वतःची अणुभट्टी आम्हाला वापरू देणार होती.

“म्हंजे भूकंपातल्यावानीच की,” सासूबाई म्हणाल्या. “आपली चूल गाडली गेली, तवा मी रोज कस्तुराबाईच्या चुलीवर भाकरी भाजायची. चूल तिची, पीठ आपलं.”

“हाव आत्याबाई, तसंच.”

“मग जा की. पीठ लई दिस ठेवलं तर कडू होतंय.”

मी पाच वर्षांच्या मनस्वीला उचलून गरगर फिरवलं. ती मघापासून सगळं ऐकत होती. माझ्या गालावरचं पीठ पुसत म्हणाली, “आई, मग तू येईपर्यंत मी शेजारच्या उजमाची आई घेऊ?”