आईचा तीळ

“परत उलटी लावलीस,” थोरला म्हणाला. “आईचा तीळ बघ, उजव्या गालावर आलाय.”

धाकटीने स्कॅनरमधून फिल्मची पट्टी काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि पालथी करून पुन्हा आत सरकवली. वडील गेल्यावर कपाटावरच्या डब्यात या निगेटिव्ह सापडल्या होत्या. दोघांच्या लहानपणीचा एकही फोटो घरात नव्हता. ओल लागून सगळे गेले, असं आई सांगायची. तिला छानसा अल्बम करून द्यावा, म्हणून बहीणभाऊ जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसले होते.

लॅपटॉपच्या पडद्यावर भुतासारखे पांढरे केस आणि काळे चेहरे उमटले. धाकटीने रंग पालटले. दवाखान्याच्या पायरीवर आई, तिच्या कडेवर तान्ही धाकटी, बोट धरून थोरला. तीळ डाव्या गालावर आला होता, पण मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी झाली होती.

“आता पाटी बिघडली!” थोरला म्हणाला.

“पाटी धरली की तीळ पळतो, तीळ धरला की पाटी. माझं तर डोकंच चालेना.”

पुढच्या पट्टीत थोरल्याचा शाळेचा पहिला दिवस होता. तिथे शाळेची पाटी सरळ आणि तीळही डावीकडे.

“तीळ काय फिरायला जातो की काय?” थोरला हसला. धाकटी हसली नाही.

“कशाला जुनं उकरत बसलाय?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “आधी जेवून घ्या.”

“आई, जरा ये ना. यातला सरळ कुठला ते तूच सांग.”

आई हात पुसत आली. धाकटीने दवाखान्याचा फोटो लावला, पाटी नीट वाचता येईल असा. आई खुर्चीत टेकली. तिने पडद्यावरच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

“हाच सरळ आहे,” ती म्हणाली.

“अगं, मग तीळ?”

“तिचा उजवीकडेच होता. जुळ्या आम्ही. समोरासमोर बसलो की आरशात बघितल्यासारखं वाटायचं.”

आईला एक बहीण होती आणि ती ऐन तारुण्यात तापाने गेली, एवढंच दोघांना ठाऊक होतं. जुळी होती, हे कुणी कधी बोललंच नव्हतं.

“म्हणजे ही मावशी?” थोरल्याने विचारलं. “मग यात तू कुठे आहेस?”

आईने दोघांचे हात धरले.

“ही तुमची आई रे. मावशी मी आहे.”