भोपळ्यातलं दूध

सिताबाई धनगरणीची मेंढरं खतासाठी चार रात्री ईट गावच्या कृष्णराज पाटलांच्या रानात बसली होती. रानभर लेंड्या पडल्या, पाटील खूश झाले. निघायच्या सकाळी रीत म्हणून ती लोटाभर ताजं दूध घेऊन त्यांच्या दारी आली.

पाटील नुकतेच आफ्रिकेची सहल करून आले होते. ओसरीवर जमलेल्या पाहुण्यांना मोबाईलवर फोटो दाखवत होते. "हे मसाई लोक. पिढ्यानपिढ्या जनावरांमागं फिरत्यात. शेणानं लिंपलेल्या झोपडीत बसवून त्यांनी मला वाळल्या पोकळ भोपळ्यातलं दूध पाजलं. एका दमात पिलो! काय इतिहास, काय माणसं!"

सिताबाईनं वाकून पाहिलं. फोटोतल्या माणसाच्या खांद्यावर काठी, काखेत कोकरू. ती हरखली. "अगं बया, ही तर आमच्यावानीच हायेत की!"

"कायबी बोलू नको. जगात नाव हाय त्यांचं." पाटलांनी नाकाला रुमाल लावला. "अन् ते दूध ठेव तिकडं, लांब."

पाटलांच्या सुनेनं लोटा दोन बोटांनी उचलला आणि सगळं दूध कुत्र्याच्या ताटलीत ओतलं.

सिताबाईचा जन्म लेंड्यांत गेला होता, पण अशी किळस तिला कधी आली नव्हती. तिनं रिकामा लोटा पदरानं घासून पुसला.

"पाटील, आफ्रिका किती लांब हाय वो?"

"विमानानं सात-आठ तास. का गं?"

"न्हाय, तितक्या लांब जाऊन ऱ्हायलो, तर आमचं बी दूध पिताल का?"